हळदीचं बोट

जालन्याच्या आमच्या कॉलेजात मी, दैवशाला, चार दिवस एका रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्यापुढे बसून होते. पार वैतागले होते. हा रंग निळ्या प्रकाशात चमकतो आणि हवेचा दाब वाढला की मंद होतो. किती दाबाला किती मंद, हे एकदा ठरलं की विमानाच्या पंखाच्या नमुन्यावर तो लावायचा, विंड टनेलमध्ये वारा सोडायचा आणि जागोजागचा दाब फोटोवरून वाचायचा. पुण्याच्या टनेलमध्ये माझी पाळी येत्या सोमवारी होती. ती हुकली की वर्ष गेलं, आणि माझ्या पीएचडीची मुदत मार्चमध्ये संपत होती.

आकडे मात्र काही केल्या जुळेनात. दाब कितीही वाढवा, सगळ्या पत्र्याच्या चमकेची सरासरी हवी तेवढी उतरेना.

पहिल्याच संध्याकाळी माझं डोकं फिरलं. लॅबची झाडलोट तातेराव करतात, निवृत्तीला वर्ष उरलंय त्यांच्या. गेल्या आठवड्यात खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांच्या पूजेचं ताट त्यांनीच आणलं होतं.

"तुम्हीच पत्र्याला हात लावलात! आता आत पाऊल टाकायचं नाही!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"न्हाई मॅडम, म्या हात बी लावला न्हाई," एवढंच म्हणाले आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसले. तेव्हापासून रोज तिथंच बसत होते.

शुक्रवारी दुपारी आकड्यांचा कंटाळा आला म्हणून मी नुसता फोटो मोठा करून पाहिला. सगळा पत्रा मंद, कोपऱ्यात एक ठसा मात्र लखलखीत. बोटाचा. हळद त्या प्रकाशात आपली आपण चमकते, तिला दाबाशी काही देणंघेणं नाही. ठशातून एक तिरपी रेघ गेली होती. माझ्या अनामिकेवर विळीनं कापल्याची तशीच खूण आहे. खंडेनवमीला दाबाच्या यंत्राला हळदीकुंकू मीच वाहिलं होतं आणि त्याच बोटानं पत्रा त्याच्या पेटीत सरकवला होता.

तेवढा कोपरा सगळ्या फोटोंतून वगळला. आकडे निमूट जुळले. आनंद वगैरे काही झाला नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दार उघडलं. "तातेराव, आत या. चूक माझी होती. बोट माझंच होतं."

ते उठले. नळावर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग दाराबाहेर चपला काढून दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"बघून घ्या मॅडम. मंग येतो आत."