उभी चूल

“आजी, तुम्ही म्हणता चाळीस वर्षं येतो. मग त्याची खूण कुठंय?” साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

नव्या उद्यानाच्या आराखड्यावर हरकती ऐकायला वनखात्याच्या पाटोद्याच्या कचेरीत खुर्च्या मांडल्या होत्या. मेंढपाळांच्या वतीनं आलेली सत्यभामा मात्र उभीच होती. भिंतीवरच्या नकाशात मांजरेचा काठ हिरव्या रंगात बुडाला होता. त्या हिरव्यात यापुढं कुणी रात्रीचा मुक्काम करायचा नाही, असं ठरत होतं.

“खूण कशापायी ठेवू साहेब?” ती हळू आवाजात म्हणाली. “तळ उठला की आमी चूल पालथी करतो. राख पान्यात सोडतो, जागेवरून हात फिरवतो. पुन्ना जशी व्हती तशी.”

“तेच तर. या योगिताताईंनी सगळा काठ पायी बघितला. गवत आहे, मोर आहेत. मुक्कामाचं काही नाही.”

नकाशाशेजारी बसलेल्या योगितानं मान खाली घातली.

“मेंढरायला सह्या येत असत्या तर हजारभर आणल्या असत्या साहेब!” मागून सत्यभामेचा दीर बंकट बोलला. लोक हसले. साहेबही हसले.

सत्यभामा हसली नाही. एवढ्या पुरुषांसमोर ती आयुष्यात बोलली नव्हती. आज रविवार नसूनही खंडोबासाठी उपास धरून आली होती. पदर सावरून ती म्हणाली, “सालातून पाच रात्री मागतो साहेब. मार्गसरात. मेंढरं शेजारच्या रानात बसत्यात, खतासाठी शेतकरीच बोलावतो. आमी मानसं तेवढी काठावर. वाळलेल्या काटक्यांचा जाळ. मोरं आमच्या भाकरीचे तुकडे खाऊन जात्यात. आमचा तरास न्हाई वं कुनाला.”

साहेबांनी नकाशावर नजर टाकली. मग कागद पुढं ओढत म्हणाले, “ह्या वर्षीचा तळ कधी उठतो?”

“शुक्रवारी.”

“उठल्यावर चूल तशीच राहू द्या. मी येतो. चूल दिसली की ‘वापर आढळला’ असं लिहितो. मग पाच रात्रींचं बघता येईल. पण मला दिसलं पाहिजे, आजी. जे दिसत नाही ते मी लिहू शकत नाही.”

परतीच्या वाटेवर सत्यभामेचा नवरा आसाराम खुशीत होता. “एवढंच काम! तीन दगडं हालवायची न्हाईत. ह्याच्यापरीस सोपं काय?”

सत्यभामा खाली बघत चालत राहिली.

चूल उभी टाकून तळ उठवायचा नाही, हे ती सासूकडून शिकली होती. उभी चूल वाट बघत राहते. ज्या घराची ती चूल, त्या घरातलं कुणीतरी मागं बोलावून घेते. सव्वीस वर्षांपूर्वी अशीच ह्या काठावर पाच महिन्यांची लेक मंगल तिच्या मांडीवर होती. वरच्या तलावातून पाणी सुटल्याची हाळी आली. पाल गुंडाळ, घोडं लाद, कोकरं उचल, असं करत सगळे निघाले. चूल तशीच राहिली. चौथ्या दिवशी, पुढच्या तळावर, ताप डोक्यात जाऊन मंगल गेली. पाणी ओसरलं होतं. तिला इथंच आणून करंजाखाली ठेवली. लहान लेकराच्या जागेवर दगड मांडत नाहीत. त्याचीही खूण नव्हती.

पाच रात्री. दर साली सत्यभामा भाकरीचा पहिला तुकडा करंजाखाली ठेवून यायची. हे तिनं साहेबांना सांगितलं नव्हतं. कागदावर ते कुठं लिहिणार होते?

शुक्रवारी उजाडताच बंकट मेंढरं घेऊन पुढं गेला. पाठोपाठ घोडं आणि सून निघाली. वैष्णवीला सातवा महिना होता. एक हात कमरेवर ठेवून ती चढणीला लागली. मध्येच थांबून तिनं मागं बघितलं.

“आत्या, चूल?”

“ऱ्हाऊ दे. साहेब यायलेत.”

वैष्णवीनं पोटावरून पदर ओढून घेतला आणि पुढं चालू लागली.

आसाराम साहेबांना आणायला सडकेपर्यंत गेला. काठावर सत्यभामा एकटी राहिली. समोर तीन काळे दगड, मधली राख अजून ऊन. तिनं करंजाकडं बघितलं. चढणीवर सुनेचं हिरवं लुगडं बारीक बारीक होत चाललं होतं.

“मंगल,” ती म्हणाली, “तू समजून घे, बाय.”

सडकेवर जीपचा आवाज आला तेव्हा तिसरा दगड ती पाण्यात लोटत होती. राख तिनं आधीच ओंजळीनं पाण्यात सोडली होती. वाळूवरून तिनं तळहात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

साहेब उतरून आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “चूल कुठंय?”

आसारामनं सपाट वाळू बघितली, मग बायकोचे हात बघितले. “काय केलंस गं...” एवढं म्हणून तो चढणीकडं बघत राहिला. सुनेचं लुगडं आता दिसत नव्हतं. तो हळूच खाली बसला.

“न्हाई ठिवली साहेब,” सत्यभामा म्हणाली. “चूक माझी हाय.”

साहेबांनी काठावरून एक चक्कर मारली. मग म्हणाले, “लिहा, योगिता. मुक्कामाच्या खुणा आढळल्या नाहीत.”

योगितानं लिहिलं, वाचून दाखवलं. पंचनाम्याचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवून ती पिशवीत शाईची डबी शोधू लागली.

“ऱ्हाऊ दे बाई,” सत्यभामा म्हणाली, “लागत न्हाई.”

तिनं काजळीनं भरलेला अंगठा त्या ओळीखाली टेकवला.