कंपनीच्या शिक्क्याखालची फाइल

नाशिकच्या द्वारका चौकामागे मंजुषाचं गॅरेज. गाडीच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून इंजिनाची ताकद वाढवायची, हा तिचा धंदा. रीमॅप म्हणतात त्याला. बारा वर्षं करत होती, पण लोकांच्या लेखी ते बाहेरचं काम. जुगाड!

त्या सकाळी निफाडचे भिमाजी आले ते भांडायच्या तयारीनेच. द्राक्षबागायतदार माणूस, पांढरी एसयूव्ही टोचन लावून आणलेली.

"माझ्या गाडीला हात कोणी लावला ते सांगा! चार गॅरेजं फिरलो, सगळे कानावर हात ठेवतेत."

"काका, आधी बसा. झालं काय?"

झालं होतं ते असं. गाडी घाटात दमते म्हणून वर्षापूर्वी भिमाजी मंजुषाकडेच चौकशीला आले होते. तासभर बसले, चहा प्याले आणि "कंपनीचं ते कंपनीचं" म्हणून गंगापूर रोडच्या शोरूमला गेले. तिथे 'कंपनी पॉवर पॅक' होता. काम तेच, भाव दुप्पट, पण वर कंपनीचा शिक्का आणि वॉरंटी शाबूत. आता टर्बो फुटला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, तो गेला की गाडीत जीव राहत नाही. शोरूमवाले म्हणाले, गाडीतली फाइल कंपनीची नाहीच, तुम्ही द्वारकाला कुठेतरी ट्यूनिंग केलंय. वॉरंटी रद्द.

"देवाशपथ सांगतो ताई, मी कुठंच गेलो नाय!" भिमाजींचा आवाज फाटला. "स्वतःच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव निघावं तसं झालंय. आता तोडणी तोंडावर आली, मी काय करू?"

मंजुषाने लॅपटॉप जोडला. फाइल उघडली आणि तिचा हात तिथेच थांबला. शेरा लिहायच्या जागेत, सगळ्यात वर, लिहिलेलं होतं: श्री.

लग्नाची यादी असो की किराणाची, वर श्री घातल्याशिवाय तिच्या घरात कोणी कागद सुरू करत नसे. तीच सवय तिने फाइलींना लावली होती. इंजिनाच्या फाइलीवर श्री घालणारं अख्ख्या नाशकात दुसरं कोणी नव्हतं.

शोरूमवाले दर गुरुवारी तिला फाइली पाठवायचे. ना गाडीचा नंबर, ना मालकाचं नाव. कंपनीची मंजुरी आहे, एवढं सांगायचे. तिनेही खोदून विचारलं नव्हतं. कायमचं काम होतं, कशाला विचारा? आता त्याची तिला लाज वाटली.

तिने खालचे आकडे वाचले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. टर्बोचा दाब तिने बेतानेच वाढवला होता. इथे तो केवढा तरी चढवलेला! जाहिरातीत छापलेली ताकद भरून निघावी म्हणून कोणीतरी मागून हात मारला होता. मेल्यांनी वरचं श्री तेवढं ठेवलं आणि खालचं सगळं नासवलं!

गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? निम्मं गॅरेज त्या शोरूमच्या कामावर चालत होतं.

"चला काका," ती उठली.

शोरूमच्या मॅनेजरने तिला पाहिलं आणि तो हसतच पुढे आला. "मॅडम, आत केबिनमध्ये बोलू ना."

"का? बाहेरच्या माणसाशी बाहेरच बोला!" तिने लॅपटॉप काउंटरवर आपटलाच. "ही मी केलेली फाइल, हा तुमचा मेल, आणि ही यांच्या गाडीतून निघालेली. आकडे कोणी बदलले? काम माझ्याकडून करून घ्यायचं, वर शिक्का मारायचा, आणि फुटलं की द्वारकावाल्यांनी केलं म्हणायचं? चोराच्या उलट्या बोंबा!"

गाडी घ्यायला आलेली दोन कुटुंबं खुर्च्यांवरून उठून जवळ आली. मॅनेजरने कपाळ पुसलं, कोणाला तरी फोन लावला, आणि दहा मिनिटांत नवा टर्बो वॉरंटीत मंजूर झाला. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, यापुढे तुम्हाला काम नाही."

"नकोच मला!" म्हणाली खरी, पण बाहेर येईपर्यंत मनात गॅरेजच्या खर्चाचा हिशेब सुरू झाला होता.

भिमाजींनी हात जोडले. "ताई, लय उपकार झाले. तुम्ही नसत्या तर मेलो होतो." मग जरा घुटमळले. "एक इचारू का? नवा टर्बो बसला की ते पॉवर पॅक परत यांच्याकडनंच टाकून घेऊ ना? शिक्का असला म्हंजी बरं असतं."

मंजुषाला वाटलं, लॅपटॉप यांच्याच डोक्यात घालावा.

"काका, आता ते करणार कोण? मला तर आत्ताच काढलं."

"असंल की कोणी," भिमाजी तिची समजूत घालत म्हणाले, "एवढी मोठी कंपनी, त्यांना हुशार माणसांची काय कमी हाय?"