गोळी किती आत

"काका, गोळी किती आत बसवायची, हे ठरवतं कोण?"

ममताचा सकाळपासूनचा हा कितवा प्रश्न, ते मोजायचं प्रल्हादने सोडून दिलं होतं. जबल अलीच्या पुढे, वाळूतल्या नेमबाजी क्लबात तो केस काळे होते तेव्हापासून सरावाची काडतुसं भरत आला होता. पितळी नळकांड्यात दारू घालायची, तोंडाशी गोळी ठेवायची, प्रेसचा दांडा ओढून ती आत दाबायची. दुबईतच वाढलेली ही पोरगी नुकती त्याच्या हाताखाली आली होती. मॅनेजर अफनानने शब्द दिला होता, हात चालतो तोवर टेबल तुमचंच.

प्रल्हादने तिला समजावलं. गोळी फार बाहेर राहिली तर काडतूस पिस्तुलात बसत नाही. फार आत गेली तर दारूला जागा कमी पडते, दाब वाढतो आणि पिस्तूल हातात फुटू शकतं. म्हणून काडतुसाची लांबी मोजत राहायची. आजही मापात तसूभर फरक नव्हता.

ममताने नव्या खोक्यातली गोळी जुन्या गोळीशेजारी उभी केली. "पण ही लाँग आहे ना, काका? टोटल लेंग्थ सेम ठेवली, तर एक्स्ट्रा पार्ट कुठे जातो?"

प्रल्हादने दोन्ही गोळ्यांकडे पाहिलं. आत जातो, दुसरं कुठे जाणार? माल बदललाय हे त्याने खोकं फोडतानाच पाहिलं होतं, तरी हात आपल्या सवयीने जुन्याच मापावर चालत राहिला होता. भरलेला ट्रे तर केव्हाच काउंटरवर गेला होता.

तो धावत सुटला. एक नेमबाज मॅगझिन भरत होता. प्रल्हादने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि चारचौघांत माफी मागितली.

ममता हळूच म्हणाली, कुणाला कळायची गरज नाही, आपण दोघं ती काडतुसं सुटी करून टाकू.

"नको, पोरी. आज पचलं, तर उद्या परत होईल," असं म्हणून तो आपल्या पायांनी अफनानकडे गेला.

अफनान भला माणूस, ओरडला नाही. त्याने चहा मागवला. "खलास, अंकल. बहुत किया आपने. कल से आप काउंटर देखो." रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. प्रल्हादने चहा संपवला.

संध्याकाळी लांज्याहून कुंदाचा फोन आला. आता हलकं काम दिलंय, असं त्याने बायकोला सांगितलं. देव पावला, ती म्हणाली. प्रल्हादला रडू आलं, ते त्याने तिला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो काउंटरवर लोकांना कानांवर लावायचे मफ देऊ लागला. दुपारी काडतुसं संपली, तसा तो सवयीने भरायच्या खोलीकडे गेला. कडीवर ठेवलेला हात त्याने मागे घेतला आणि दारावर टकटक केलं.

"कोण?" आतून ममताने विचारलं.

"मी," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "काउंटरवरचा प्रल्हाद."