कारंज्यापुरतं खरं

तळ्याची सफाई नीट होते की नाही, हे बघायला सरकारने मला नेमलंय. पाण्याचा नमुना घ्यायचा तो कारंज्याजवळ. तिथे पक्का धक्का आहे, बूट चिखलात रुतत नाहीत आणि पाणी सतत उसळत असल्यामुळे निकालही छान येतो. पलीकडे, जिथे नाल्याचं काळं पाणी येऊन मिळतं, तिथे मी कधी बाटली बुडवली नाही. आधीचे साहेबही बुडवत नव्हते. म्हणजे मी खोटं काही लिहिलं नाही. कारंज्यापुरतं ते खरंच होतं.

रविवारी फलक लागला: पाणी पोहण्यास योग्य. खाली माझं नाव. ते बघायला बाबा हट्टाने बरोबर आले. ते याच तळ्यात पोहायला शिकलेले. त्यांनी फलक दोनदा वाचला, सदरा काढला आणि नेमके नाल्याच्या बाजूने उतरू लागले.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "बाबा, नको."

"का गं? तूच तर लिहिलंयस."

मी त्यांचा दंड सोडला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि सदरा पुन्हा अंगात घातला.

वर येताना टॉवेल घेतलेली दोन पोरं आणि त्यांची आई भेटली. बाबांनी त्यांना अडवलं. "पाण्यात जाऊ नका. ही माझी मुलगी, तळ्याची साहेब. तीच नको म्हणते."

माझी ओळख करून देताना बाबांचा हात नेहमी माझ्या खांद्यावर असतो. आज नव्हता.