टॉवरची आंघोळ

फेस पुन्हा चढला होता. टॉवरच्या काचेतून वर्षालीने आत डोकावलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल संध्याकाळी फेस मारायचं औषध घातलं, तेव्हा कसं गुमान बसलं होतं सगळं. आता बघावं तर आत उतू चाललेल्या दुधासारखा पांढराशुभ्र फेस आणि बाहेर गॅसमधली घाण मोजणाऱ्या मीटरचा काटा वर वर. कोणावर ओरडावं, हेही तिला कळेना.

जाम गावावरून गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा बायोगॅसचा कारखाना. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेला. शेण आणि गवत कुजवायचं, निघालेला गॅस साफ करायचा आणि सिलिंडरांत भरून विकायचा. त्या गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. तो लोखंड खातो आणि जास्त झाला तर माणसालाही सोडत नाही. त्याला काढायला हा टॉवर. वरून अमाईन नावाचं रसायन मिसळलेलं पाणी सोडायचं, खालून गॅस चढवायचा. अमाईन त्या विषाला धरतं आणि गॅस साफ होऊन वर निघतो. मग तेच पाणी दुसऱ्या टॉवरमध्ये तापवून विष सोडवायचं, थंड करायचं आणि परत कामाला लावायचं. काम साधं आहे हो! पण आत फेस झाला की पाणी खाली यायचं सोडून गॅसबरोबर वर पळतं आणि गॅस घाणेरडाच्या घाणेरडा बाहेर पडतो.

आणि हा टॉवर वर्षालीचा होता. उंची किती, रुंदी किती, आतलं भरण कोणतं, पंप केवढा, सगळं तिने स्वतः ठरवलेलं. ती सेलूची पोरगी, पुण्याची नोकरी सोडून आलेली. स्वतःच्या डोक्यातून उभा राहिलेला हा तिचा पहिलाच टॉवर. शुक्रवारी गॅस विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस नमुना घ्यायला येणार होता. नमुना नापास झाला तर टॉवर भंगारात आणि बाहेरच्या कंपनीचं तयार यंत्र त्या जागेवर, असं भागीदारांच्या बैठकीत ठरून गेलेलं. अध्यक्ष भैय्याजींनी तिला तसं तोंडावर सांगितलं होतं. भला माणूस, स्वतःची जमीन कारखान्याला दिलेली, पण बोलायला तिखट.

तिने काय केलं नव्हतं? बोअरचं पाणी जड म्हणून बंद केलं, शुद्ध पाण्याचा टँकर मागवला. गाळण्या बदलल्या. शेणाच्या टाकीतून घाण येते का तेही पाहिलं. फेस आपला तिथेच. शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक भागीदार शहाणपण शिकवून जायचा. एक म्हणे टॉवरचं तोंड दक्षिणेला आहे, दुसरा म्हणे चुना टाकून बघा. ऑपरेटर मुकेशने तर टॉवरला लिंबू-मिरची बांधून टाकली. ती सोडून फेकावी असं तिला फार वाटलं, पण हात लावायचीही ताकद उरली नव्हती.

बुधवारी तिने शेवटचा उपाय म्हणून तीन बाटल्या घेतल्या. एकीत टॉवरमधलं पाणी, दुसरीत नव्या ड्रममधलं अमाईन शुद्ध पाण्यात कालवून, तिसरीत मिश्रण कालवायच्या टाकीतलं. तिन्ही हलवल्या. ड्रमवाल्या बाटलीतला फेस लगेच बसला. टॉवरवालीतला राहिला. आणि टाकीतलं मिश्रण अजून टॉवरचं तोंडही न पाहिलेलं, तरी त्याचाही फेस ढिम्म हलेना.

म्हणजे खोट टाकीत होती! तिने टाकीखालची जाळी उघडली. जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या.

तिने मुकेशकडे पाहिलं. मुकेशने जमिनीकडे पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला वर्षाली घरी गेली होती. इथे यंत्रांची पूजा झाली. भैय्याजींच्या घरची रीतच अशी, की पूजेआधी यंत्र मालकाने आपल्या हाताने धुवायचं. ट्रॅक्टर असो की मोटरपंप, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी रिकाम्या टाकीत स्वतः उतरून, घमेलंभर साबणाची पावडर घालून ती लख्ख घासली होती, आतून हळदीकुंकू लावलं होतं आणि फुलं वाहिली होती.

वर्षाली तडक ऑफिसात गेली. तिथे चार भागीदार चहा घेत बसलेले. सगळ्यांसमोरच भैय्याजींनी विचारलं, सापडलं का काही? शब्द तिच्या जिभेवर होते. पण एवढा वडीलधारा माणूस, आणि त्याने केलं ते भक्तीने. चार लोकांत त्याचं तोंड कसं उतरवायचं?

"टाकीत साबणाची पावडर राहिली होती," ती म्हणाली. "धुताना राहिली असेल कोणाकडून तरी."

भैय्याजींनी कप खाली ठेवला. मग मान डोलवत म्हणाले, बाजारच्या पावडरीत केमिकलच फार असते. ती पावडर आपणच घातली होती हे त्यांना कळलं, असं समजून वर्षालीने सुटकेचा निःश्वास टाकला.

तिने सगळं मिश्रण काढून टाकलं, टाकी आणि टॉवर साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, नवं अमाईन भरलं. गुरुवारी संध्याकाळी मीटरचा काटा खाली येऊन बसला, तो हललाच नाही. किती दिवसांनी ती पोटभर जेवली.

शुक्रवारी सकाळी आली तर फाटकापासून रांगोळी. टॉवरला हार. आणि टाकीजवळ बाह्या वर केलेले, ओलेचिंब भैय्याजी, हातात बादली.

"ये बेटा," ते खुशीत म्हणाले. "पाहुणे येऊन राह्यले म्हून टाकी घासून घेतली. भेऊ नको, ते केमिकलवालं पावडर हाती नाई धरलं म्या. घरचे रिठे उकळून आणले. शेवटचं बादलीभर रिठ्याचं पाणी आतच राहू देलं, टाकी साफ, निर्मय राह्यते."

भैय्याजींच्या सांगण्यावरून मुकेशने त्यावरच टॉवरला भर घालायचं मिश्रण कालवून पंप सुरूही केला होता. वर्षाली काचेकडे धावली. फेस वर चढत होता. तिने पंप बंद केला, पण आत जायचं ते गेलं होतं. मीटर हलायला लागलं.

ती वळली. आता लाज नाही, भीड नाही, नुसता संताप.

"रिठ्याचाही फेसच होतो, भैय्याजी! आणि त्या वेळचा साबणही तुमचाच होता. खंडेनवमीचा."

भैय्याजींनी हातातल्या बादलीकडे पाहिलं. बुडाशी अजून थोडा फेस होता.

"मंग त्याच दिवशी काऊन नाई सांगितलं मले?"

फाटकाशी नमुना घ्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला.