गुडघे टेकणारा घोडा

अरबस्तानातल्या अहसा शहरात, तिथे राज्य करून गेलेल्या धन्याच्या कबरीच्या दारात एक घोडा कायम खोगीर कसून उभा असे. धनी गेले तेव्हा सांगून गेले होते, मी परत येईन. उठल्या उठल्या त्यांना वाहन नको? म्हणून घोडा. एक म्हातारा झाला की दुसरा, दुसरा थकला की तिसरा. या तिसऱ्या घोड्याचा आणि त्याआधीच्या दुसऱ्याचाही मोतद्दार नुफैल. तीस वर्षं त्याने त्या दारात काढली, आणि कंटाळा म्हणून कधी आला नाही. बगदादचा खलिफा ज्यांच्या नावाने चळाचळा कापत असे, त्यांच्या घोड्याचा लगाम आपल्या हातात! नुसत्या विचाराने त्याच्या अंगावर काटा यायचा.

रोज दुपारी त्याची बायको रबाब सुका मासा आणि खजूर घेऊन यायची. लांबूनच विचारायची, "काय हो, आले का तुमचे धनी?"

"अजून नाही."

"मग जेवून घ्या. ते आले की तुम्हाला घास गिळायची फुरसत कुठली?"

नुफैल हसायचा. पण रबाबपासूनही त्याने एक गोष्ट लपवली होती. त्याच्या मनाने घेतलं होतं, धनी येतील ते म्हातारे होऊन येतील, रिकिबीत पाय घालायला त्यांना जड जाईल. म्हणून भर दुपारी चिटपाखरू नसताना त्याने घोड्याला शिकवलं होतं. डाव्या गुडघ्याला बोट लावलं की त्याने खाली बसायचं. धन्याच्या घोड्याशी असले खेळ करायला सक्त मनाई होती. कळलं असतं तर नुफैलची धडगत नव्हती. पण प्रेमाने केलं हो बिचाऱ्याने!

एके दिवशी तो विहिरीवरून पखाल घेऊन परतला आणि जागीच थिजला. घोड्यापलीकडे एक परका म्हातारा उभा होता, आणि घोडा गुडघे टेकून त्याच्यापुढे बसला होता.

पखाल गळून पडली. तीस वर्षं! नुफैलच्या तोंडून जी आरोळी फुटली ती बाजारापर्यंत गेली. "आले! धनी आले!"

माणसं धावत सुटली. गिरणीवाले पिठाच्या हातांनी आले, बायका लेकरं काखेला मारून आल्या. पंचांमधला म्हातारा शेख मिकदाम आला तो कबरीवर ठेवलेली धन्यांची तलवार घेऊनच. धन्यांचं दुसरं सांगणं सगळ्यांना पाठ होतं. मी येईन तेव्हा तुम्ही मला ओळखणार नाही. माझ्याच तलवारीने माझी मान मारा. मी असेन तर तिथल्या तिथे उठेन.

परका म्हातारा तलवार बघून पांढराफटक पडला. "अहो, मी जैफर! ओमानचा. जात्यांना टाकी लावतो. तुमच्याकडे गिरण्या सरकारी आहेत, दळण फुकट आहे असं ऐकलं, म्हणून काम मागायला आलो. कसला धनी नि कसलं काय!"

मिकदाम घुटमळला. "नुफैल, हा तर नाही म्हणतोय."

"ते नाहीच म्हणणार!" नुफैलच्या डोळ्यांना धार लागली होती. "ओळखू येणार नाही असं सांगून गेलेला माणूस हो कशाला म्हणेल? घोड्याने ओळखलंय, शेख. घोडा खोटं बोलतो का?"

ते सगळ्यांना पटलं. जैफरला गुडघ्यांवर बसवलं. तो रडत रडत मूठ उघडून दाखवू लागला. "घोड्याच्या गुडघ्याला गोचीड होती रे बाबांनो. ती काढली, एवढाच माझा गुन्हा. ही बघा!"

तळहातावर खरंच एक टम्म फुगलेली गोचीड होती.

नुफैलच्या पायाखालची वाळू सरकली. "थांबा!" तो ओरडला. "कोणता गुडघा?"

"डावा."

आता गप्प बसलं तर आपण सुखरूप, आणि एका निरपराध म्हाताऱ्याची मान जाते. बोललं तर आपली काही खैर नाही. नुफैलने एकदा रबाबकडे बघितलं. मग म्हणाला, "शेख, चूक माझी आहे. घोड्याला मी शिकवलंय. बघा."

त्याने घोड्याला उठवलं, पाठ थोपटली आणि डाव्या गुडघ्याला बोट लावलं. घोडा शहाण्यासारखा गुडघे टेकून त्याच्यापुढे बसला.

कोणी हसलं नाही. कोणी शिव्याही घातल्या नाहीत. मग पुढच्या रांगेतली एक बाई हळूच खाली वाकली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता सगळं मैदान वाकलं.

"तीस वर्षं," मिकदाम म्हणाला. "तीस वर्षं आमच्यासमोर होता, आणि आम्ही ओळखलं नाही."

"शेख, वेड लागलं का? मी नुफैल! तुमच्यासमोर वाढलो मी."

"ओळखू येणार नाही असं सांगून गेलेला माणूस," मिकदाम हळू म्हणाला, "हो कशाला म्हणेल?"

नुफैलचे स्वतःचेच शब्द. रबाब गर्दी रेटत पुढे येत होती, बायका तिला धरत होत्या. जैफर वाळूत तसाच बसला होता, सुटलेला, तोंड उघडं टाकून. नुफैलने त्या शेकडो वाकलेल्या पाठींकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, क्षणभरच, त्याच्या मनात आलं, कोण जाणे? मी असेन तर? त्या विचाराने तो इतका दिपला, की भीती कुठल्या कुठे गेली. त्याने आपल्या हाताने मानेवरचं फडकं सोडलं.

तलवार उठली आणि पडली.

दुसऱ्या दिवशी घोड्यावर खोगीर चढलं ते जैफरच्या हातांनी. पंचांनी त्याला तेच काम दिलं. दारातच, घोड्याच्या सावलीत, पांढऱ्या चादरीखाली नुफैल निजवलेला होता. पुरायला कोणी धजत नव्हतं. येणारा जाणारा वाकून पुढे जात होता.

दुपारी रबाब आली. रोजच्यासारखाच सुका मासा आणि खजूर फडक्यात बांधून. लांबूनच तिने विचारलं,

"हे उठले का?"

जैफरने मान खाली घातली. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"अजून नाही," तो म्हणाला.