केरूच्या कारखान्यातला न थांबणारा प्रोग्रॅम

पेणच्या शाळेत रघुनाथ सरांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाच मुलाला भर वर्गात सांगितलं, की केरू, या जन्मी तुला गणित यायचं नाही. केरूनं ते मनावर घेऊन शाळेला रामराम ठोकला आणि पेणजवळच्या जोह्यात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना काढला. त्याचं उत्तम चाललं. ते वाक्य खुपत राहिलं ते सरांनाच.

निवृत्तीनंतर सर रोह्यात राहत होते. नात तनयानं त्यांना आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिला, तेव्हा त्यांनी केरूसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. मूर्तीची उंची घाला, चेहरा, पोट, सोंड यांची मापं हजर. जुनं ओझं उतरवायला याहून चांगलं काय? सर रोह्याहून गाडीनं पेणला, तिथून एसटीनं जोह्याला पोचले.

कारखान्यातली सगळी माणसं हात धुऊन भोवती जमली. सरांनी समोरच्या अर्धवट मूर्तीची उंची, साठ इंच, घातली आणि प्रोग्रॅम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक रेघ वळवळू लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रेघ वळवळतच होती. मूर्ती मोठी आहे, वेळ लागायचाच, असं सर म्हणाले खरे, पण त्यांना घाम फुटला होता. मोजणी एकेक पाऊल पुढे न्यायची ओळच लिहायची राहिली होती. ते यंत्र जन्मभर तिथंच घिरट्या घालणार होतं. सरांनी खालची दिसतील ती बटणं दाबली. सेल काढावेत, तर सगळंच पुसलं जाण्याची धास्ती. माणसं एकेक करून मातीकडे परतली.

"सर, चालू कशानं केलात ह्याला?" केरूनं विचारलं.

सरांनी वरचं बटण दाखवलं.

"मग तेच दाबा. आमचा कंप्रेसर तसाच थांबतो."

चालू असलेलं पुन्हा चालू करून बंद कसं होईल, एवढंही कळत नाही? हे सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात केरूनं त्या बटणावर मातीचा अंगठा टेकवला. रेघ थांबली, आणि प्रोग्रॅम नेमका कुठं अडला ती जागाही यंत्रानं दाखवली.

सरांनी चूक सुधारली. आता मापं झरझर आली. चेहरा दहा इंच. मूर्तीवर केरूनं मघाशीच बोटांनी मोजून खूण केली होती. सरांनी टेप लावली, बरोबर दहा. पोटही जुळलं. फक्त सोंडेत दोन इंचांचा फरक निघाला.

"तुमची सोंड सरळ हाय सर. आमची मोदकाकडं वळते."

सरांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. त्यांना लाज वाटली आणि आनंदही झाला.

"केरू, तेव्हा मी चुकलो होतो. तुला गणित येत होतं."

केरूनं हाताची माती पुसली. मग म्हणाला, पण चालू करायचं बटण थांबवतं कसं, ते नाय कळलं.

झालं. सर उठले, फळ्याऐवजी भिंत घेतली आणि समजावू लागले. चहा निवला, पेणची एसटी निघून गेली. शेवटी केरूची बायको हौसा त्याच्या कानाशी लागली. "आवो, ह्यांना थांबवायचं कशानं?"

केरू सरांच्या अगदी समोर, पालथ्या बादलीवर बसला होता.

"असू दे गो," तो म्हणाला. "शाळेत मला पुढं कधी बसवलाच नव्हता."